उतार, बर्फ आणि सेकंदाचा सहस्रांश : लूज-स्पर्धेचे पदार्थविज्ञान

कल्याण स्थानकापासून लोहमार्गाच्या दोन शाखा होतात. एक कसाऱ्यावरून थळघाट चढून इगतपुरीस जाते, दुसरी कर्जतवरून बोरघाट चढून लोणावळ्यास पोहोचते. लोहमार्ग कल्याणास आला १८५४ मध्ये; बोरघाटाचा मार्ग १८६३ मध्ये व थळघाटाचा १८६५ मध्ये खुला झाला. दोन्ही घाटांतील तीव्रतम चढ सदतिसास एक, म्हणजे सदतीस मीटर पुढे जाताना एक मीटर वर, असा आहे. चढताना गाडीस जादा इंजिने लावावी लागतात हे प्रवाशांच्या नित्य पाहण्यातले आहे. उतरतानाची व्यवस्था मात्र सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. घाट उतरणारी गाडी ठरलेल्या ठिकाणी थांबवून ब्रेक पारखतात. आणि एखादी गाडी आवरलीच नाही तर ती मुख्य मार्ग सोडून चढत्या उताराच्या एका आडमार्गावर, म्हणजे कॅच सायडिंगवर, वळावी अशी योजना असते. गुरुत्वाकर्षणाने गाडीस दिलेली ऊर्जा अपघात न होता नाहीशी कशी करावी, हाच घाटातील अभियंत्यांपुढील सगळा प्रश्न होता.

प्रस्तुत लेखाचा विषय असलेला क्रीडाप्रकार हा ह्याच प्रश्नाची उलटी बाजू होय. येथेही माणूस उतारावरून खाली येतो. परंतु उताराने दिलेल्या ऊर्जेपैकी शक्य तितकी कमी गमवावी, एवढेच त्याचे साध्य असते. आंतरराष्ट्रीय लूज-स्पर्धेचे नियम, तिच्यातील वाद आणि तिच्यात झालेले मृत्यू ह्या सर्वांचा उलगडा ह्या एका विधानातून होतो, असे मला वाटते.

‘लूज’ हा शब्द आपल्या कानांस ‘सैल’ ह्या अर्थाच्या इंग्रजी शब्दासारखा वाटतो, पण त्याच्याशी ह्याचा काही संबंध नाही. तो आल्प्स पर्वतातील फ्रेंच बोलीतला असून त्याचा अर्थ लहान घसरगाडी असा आहे. जर्मन भाषिक तिला ‘रोडेल’ म्हणतात. गाडी म्हणजे दोन पोलादी पात्यांवर बसविलेली एक उथळ बैठक. खेळाडू तिच्यावर पाठीवर उताणा पडतो. पाय पुढे, डोके मागे आणि किंचित उचललेले. गाडीस ब्रेक नसतो, सुकाणू नसते. बर्फ गोठविलेल्या, वळणावळणाच्या नळीवजा मार्गावरून तो हजार ते साडेतेराशे मीटर खाली येतो. ठाणे आणि दिवा ह्यांमधील पारसिकचा बोगदा, जो १९१६ मध्ये खुला झाला, सुमारे एक पूर्णांक तीन दशांश किलोमीटर लांबीचा आहे. तेवढ्याच लांबीचा मार्ग, पण पंधरा-सोळा वळणांचा आणि अकरास एक अशा सरासरी उताराचा, हा खेळाडू पन्नासएक सेकंदांत संपवितो. आपल्या परिसरात उताराची तुलना करावयाची तर नेरळ-माथेरानची १९०७ मधील छोटी गाडी घ्यावी. तिच्या मार्गावरील तीव्रतम चढ वीसास एक आहे, आणि तिचा वेग पायी चालणाराही हेवा करणार नाही असा आहे.

ह्या खेळाची पहिली आंतरराष्ट्रीय शर्यत १८८३ च्या फेब्रुवारीत स्वित्झर्लंडमधील दावोस ते क्लोस्टर्स ह्या चार किलोमीटरांच्या रस्त्यावर झाली. एकवीस स्पर्धक उतरले होते. जॉर्ज रॉबर्टसन हा ऑस्ट्रेलियन विद्यार्थी आणि पेटर मिन्श हा क्लोस्टर्सचा टपालवाला, हे दोघे सारख्याच वेळेत, सव्वानऊ मिनिटांत, पोहोचले. पहिल्याच शर्यतीत बरोबरी व्हावी हा योगायोग खरा. पण पुढे ह्या खेळाचा सगळा इतिहास बरोबरी कशी फोडावी ह्या चिंतेने व्यापलेला दिसतो. युरोपीय अजिंक्यपद-स्पर्धा १९१४ मध्ये बोहेमियातील रायखेनबर्ग येथे सुरू झाली. जागतिक अजिंक्यपद-स्पर्धा प्रथम १९५५ मध्ये ऑस्लो येथे भरली. तीत पुरुषांत नॉर्वेचा आंतोन साल्वेसन व स्त्रियांत ऑस्ट्रियाची कार्ला कीन्झल विजयी झाली. आंतरराष्ट्रीय महासंघ १९५७ मध्ये स्थापन झाला आणि १९६४ मध्ये इन्सब्रुक येथील हिवाळी ऑलिंपिकमध्ये लूजचा समावेश झाला. त्या वर्षी आल्प्समध्ये हिमवृष्टी फारच थोडी झाल्याने ऑस्ट्रियन सैनिकांना बर्फाचे सुमारे वीस हजार ठोकळे आणून घसरमार्ग सिद्ध करावे लागले होते. कृत्रिम शीतकरणाचा पहिला मार्ग त्यानंतर बव्हेरियातील क्योनिग्जे येथे झाला. निसर्गाच्या कृपेवरचे हे अवलंबन सुटले आणि खेळाचे स्वरूप पालटले. रस्त्यावरची शर्यत नियंत्रित प्रयोगासारखी झाली. मार्ग तोच, बर्फ तेच, उतार तोच. बदलतो तो केवळ खेळाडू.

आता ऊर्जेचा हिशेब पाहू. मार्गाची लांबी बाराशे मीटर व एकंदर उतरण एकशे दहा मीटर धरू. घर्षण व हवेचा रोध मुळीच नसता तर शेवटी वेग किती झाला असता? गुरुत्वत्वरणाची दुप्पट गुणिले उंची, ह्याचे वर्गमूळ : सेकंदास सुमारे शेहेचाळीस मीटर, म्हणजे ताशी एकशे सदुसष्ट किलोमीटर. अशा मार्गावर प्रत्यक्षात कमाल वेग ताशी एकशे तीस-पस्तीस किलोमीटर असल्यास उरलेली गतिज ऊर्जा मूळ ऊर्जेच्या सुमारे दोन-तृतीयांश भरते. एक-तृतीयांश वाटेत गेली. उत्कृष्ट खेळाडू आणि सामान्य खेळाडू ह्यांच्यातील भेद ह्या एक-तृतीयांशाच्या आत, त्याच्याही अत्यल्प अंशात, सामावलेला असतो. उताराने दिलेले सर्वांस सारखेच. चुरस आहे ती गमावण्यात.

ह्याला एकच अपवाद आहे, तो प्रारंभाचा. आरंभी खेळाडू बसून दोन्ही बाजूंच्या दांड्या धरतो, मागेपुढे झोका घेऊन स्वतःस पुढे फेकतो आणि लगेच बोटांना बारीक खिळे लावलेल्या हातमोज्यांनी बर्फावर तीन-चार फटकारे मारून उताणा होतो. एवढ्याच क्षणी तो स्वतःच्या स्नायूंची ऊर्जा गाडीस देतो. शेवटच्या गतिज ऊर्जेच्या तुलनेने हा भाग क्षुल्लक असला तरी काळाच्या हिशेबात तो क्षुल्लक नाही. कारण मार्गाचे पहिले काही मीटर सर्वांत मंद गतीने, म्हणजेच सर्वांत अधिक वेळ घेऊन, कापले जातात.

ऊर्जा गमावण्याच्या दोन वाटा आहेत : हवा आणि बर्फ. हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून मार्गाच्या उत्तरार्धात तोच प्रबळ होतो. खेळाडूचा घट्ट गुळगुळीत पोशाख, टोकदार पादत्राणे आणि मागे टाकलेले डोके ह्या सर्वांचा हेतू हाच. डोके जितके खाली तितका रोध कमी, पण तितकीच दृष्टीही कमी. सराईत खेळाडू मार्ग डोळ्यांनी फारसा पाहतच नाही. पाठीस जाणवणाऱ्या दाबावरून तो वळण ओळखतो.

येथे वजनाचा प्रश्न उद्भवतो आणि पदवी-परीक्षा दिलेला विद्यार्थीही त्यात अडखळतो. गॅलिलिओपासून आपण शिकत आलो की, जड व हलके पदार्थ सारख्याच त्वरेने खाली येतात; मग जड खेळाडूस लाभ कसला? गुरुत्वाचे प्रेरक बल वस्तुमानाच्या प्रमाणात असते, बर्फावरील घर्षणही जवळजवळ त्याच प्रमाणात असते. पण हवेचा रोध आकारावर अवलंबून असतो, वस्तुमानावर नाही. त्यामुळे दोन सारख्याच आकाराच्या खेळाडूंपैकी जड खेळाडूच्या त्वरणातून हवा कमी वाटा कापून घेते. तेवीस किलोग्रॅमच्या गाडीवर एक सत्तर व दुसरा नव्वद किलोग्रॅमचा खेळाडू असेल, तर एकंदर वस्तुमाने त्र्याण्णव व एकशे तेरा होतात. एकसारख्या उतारावर त्यांचे सीमावेग वस्तुमानांच्या वर्गमुळांच्या प्रमाणात, म्हणजे सुमारे दहा टक्क्यांनी, भिन्न असतील. प्रत्यक्ष मार्ग इतका लांब नसतो की सीमावेग गाठला जावा; तथापि जेथे सहस्रांश मोजले जातात तेथे ह्याचा अंशही पुष्कळ झाला. म्हणून महासंघाने हलक्या खेळाडूस अंगावर शिशाचे वजन बाळगण्याची मुभा दिली आहे. पुरुषांसाठी नव्वद किलोग्रॅम हे मूळ वजन धरतात. त्याहून कमी असलेल्यास फरक पूर्ण भरून काढता येत नाही, त्याचा ठरावीक अंश तेवढा भरता येतो, आणि त्यालाही वरची मर्यादा आहे. नियमकर्त्यांनी हा फरक पूर्णपणे का मिटविला नाही, असे विचारता येईल. पण उसने वजन उतारावर उपकारक असले तरी प्रारंभी ते स्वतःच्या हातांनीच ओढावे लागते, आणि त्याला साथ देणारे स्नायू त्याबरोबर मिळत नाहीत.

बर्फाचा विषय ह्याहून गहन आहे. बर्फ निसरडे का, ह्याचे जे उत्तर शालेय पुस्तकांत दीर्घकाळ दिले गेले ते असे की, दाबाखाली बर्फाचा द्रवणांक उतरतो व पात्याखाली पाणी होते. द्रवणांकाच्या ह्या अवनतीचे भाकीत जेम्स टॉमसन ह्याने १८४९ मध्ये केले आणि ते खरेच आहे. पण तिचे मान पाहावे. एक अंश सेल्सियसची घट होण्यास सुमारे एकशे पस्तीस वातावरणांचा दाब लागतो. शून्याखाली आठ-दहा अंश असलेल्या मार्गावर ह्या एकाच कारणाने बर्फ वितळावे असे मानता येत नाही. फॅरडेने १८५० मध्येच, दोन बर्फखंड नुसते टेकविले तरी चिकटतात ह्यावरून, बर्फाच्या पृष्ठावर मुळातच द्रवसदृश पापुद्रा असावा असे सुचविले होते. पुढे बाउडेन व ह्यूज ह्यांनी १९३९ मध्ये प्रयोगांनी दाखविले की, घसरताना घर्षणाने निर्माण होणारी उष्णता हेच वंगणाचे प्रमुख साधन होय. पाते स्वतःच्या घर्षणाने स्वतःपुरते पाणी करते आणि त्यावर तरंगते.

हा केवळ प्रयोगशाळेतील वाद नव्हे. पाते आधीच ऊन असेल तर हे पाणी आरंभापासूनच मिळेल, हे कोणाही चतुर माणसास सुचणारे होते. १९६८ च्या ग्रेनोबल ऑलिंपिकमध्ये स्त्रियांच्या स्पर्धेत पूर्व जर्मनीच्या ओर्टरून एंडरलाइन, आना-मारिया म्यूलर व आंगेला क्नोसेल अनुक्रमे पहिल्या, दुसऱ्या व चौथ्या स्थानी असता पाती तापविल्याच्या आरोपावरून तिघींनाही बाद करण्यात आले आणि सुवर्णपदक इटलीच्या एरिका लेख्नर हिला मिळाले. पूर्व जर्मन पक्षाने हा पश्चिमेचा कट असल्याचे सांगितले. एंडरलाइन ही १९६४ ची विजेती होती हे लक्षात घेतले म्हणजे त्या आरोपाचे गांभीर्य कळते. आज प्रारंभस्थानी एक नियंत्रक पोलादखंड हवेत ठेवलेला असतो. त्याच्या तपमानाहून पात्यांचे तपमान पाच अंशांपेक्षा अधिक चढलेले आढळले तर खेळाडू बाद होतो. प्रत्येक स्पर्धकाच्या पात्यांस तपमापक लावल्यावाचून त्यास सोडीत नाहीत. एखाद्या खेळात औष्णिक समतोलाची तपासणी पंचांकडे असावी, हे दृश्य पदार्थविज्ञानाच्या अध्यापकास सुखावणारे आहे खरे!

वळणांवर हवा आणि बर्फ ह्यांचे दोन्ही हिशेब एकत्र येतात. सेकंदास पस्तीस मीटर वेगाने पंचवीस मीटर त्रिज्येच्या वळणात शिरणाऱ्या खेळाडूस लागणारे केंद्रगामी त्वरण गुरुत्वत्वरणाच्या पाचपट भरते. तेवढ्या क्षणापुरते ऐंशी किलोग्रॅमच्या माणसाचे अंग चारशे किलोग्रॅमचे होते. उचललेले डोके सावरणे हेच मोठे कष्टाचे काम. बर्फावरील दाब त्याच प्रमाणात वाढतो, आणि घर्षणही वाढते. वळणाच्या भिंतीवर गाडी वर चढते. ती किती वर जावी, केव्हा उतरावी आणि पुढील वळणात कोणत्या कोनाने शिरावी, ह्यावर शर्यतीचा निकाल ठरतो. दिशा बदलावयाची ती पिंढरीने पात्याच्या पुढच्या वक्र भागावर दाब देऊन व विरुद्ध खांदा बैठकीत दाबून. पण दिशा बदलण्याच्या प्रत्येक कृतीत पाते बर्फास खरवडते, म्हणजे ऊर्जा जाते. म्हणून उत्तम चालक तोच, ज्यास कमीत कमी चालवावे लागते. त्यास पुढचे वळण आधीच ठाऊक असावे लागते, आणि ते ठाऊक होण्यास त्या विशिष्ट मार्गावरून शेकडो वेळा खाली यावे लागते. ह्या मुद्याकडे पुन्हा यावे लागणार आहे.

वेळेच्या मापनाचा इतिहास थोडक्यात सांगण्याजोगा आहे. १९७२ मध्ये साप्पोरो येथे दुहेरी स्पर्धेत इटली व पूर्व जर्मनी ह्यांच्या जोड्यांची एकंदर वेळ शतांश सेकंदापर्यंत तंतोतंत जुळली आणि दोन सुवर्णपदके द्यावी लागली. ताशी शंभर किलोमीटर वेगाने एका शतांशात गाडी अठ्ठावीस सेंटिमीटर जाते. म्हणजे ह्या अंतराच्या आतला कोणताही भेद घड्याळास दिसतच नव्हता. पुढे सहस्रांश मोजू लागले. १९९८ मध्ये नागानो येथे स्त्रियांच्या स्पर्धेत चार फेऱ्यांची बेरीज केल्यावर झिल्के क्राउसहार हिने बार्बारा नीडर्नहूबर हिच्यावर दोन सहस्रांश सेकंदांनी मात केली. त्याच वेगाने हे अंतर साडेपाच सेंटिमीटर, म्हणजे आडव्या धरलेल्या तीन बोटांएवढे, होते. कित्येक किलोमीटरांच्या एकंदर प्रवासानंतरचे हे अंतर आहे. त्यातून कौशल्याचा भेद किती दिसतो आणि बर्फाच्या क्षणिक स्थितीचा किती, हे कोणी सांगू शकेल असे वाटत नाही. जागतिक अजिंक्यपदाच्या एकेरीत तर दोनच फेऱ्या असतात, तेव्हा योगायोगाचा वाटा तेथे अधिकच.

ऊर्जा न गमावण्याच्या ह्या चढाओढीचे मोल प्राणांनीही चुकविले गेले. १९६४ मध्ये इन्सब्रुक येथे, खेळ सुरू होण्यापूर्वीच्या सरावात, ब्रिटनतर्फे उतरणारा काझिमीएर्झ के-स्क्षिपेत्स्की मरण पावला. १२ फेब्रुवारी २०१० रोजी कॅनडातील व्हिसलर येथे जॉर्जियाचा एकवीस वर्षांचा नोदार कुमारिताश्विली शेवटच्या वळणातून बाहेर फेकला जाऊन पोलादी खांबावर आदळला. त्या वेळी त्याचा वेग ताशी सुमारे एकशे चव्वेचाळीस किलोमीटर होता. त्यानंतर त्या मार्गाची भिंत उंच करण्यात आली आणि पुरुषांचा प्रारंभ स्त्रियांच्या प्रारंभस्थानी खाली आणला गेला. उंची कमी केली म्हणजे ऊर्जाच कमी मिळते. ह्याहून साधा व निर्विवाद उपाय पदार्थविज्ञान सुचवू शकत नाही. तो आधी योजला गेला नाही ह्याचेच वैषम्य वाटते. सोची येथील २०१४ च्या मार्गात वेग आटोक्यात राहावा म्हणून मधूनमधून तीन चढ योजले होते. सर्वच मार्गांच्या शेवटीही गाडी थांबावी म्हणून चढ ठेवतात. घाटातील कॅच सायडिंगचे तत्त्व हेच.

भारताचा ह्या क्रीडेशी संबंध मुख्यतः एका व्यक्तीने घडविला. मनालीजवळ वाढलेले शिव केशवन् १९९८ मध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षी, नागानो येथे उतरले आणि २०१८ पर्यंत लागोपाठ सहा हिवाळी ऑलिंपिकमध्ये त्यांनी भाग घेतला. ट्यूरिन येथील २००६ मधील पंचविसावे स्थान हे त्यांचे ऑलिंपिकमधील सर्वोच्च स्थान. आशियाई पातळीवर त्यांनी २०११ मध्ये नागानो येथे सुवर्णपदक मिळविले व पुढेही ते पुनःपुन्हा मिळविले. २०१४ मध्ये भारतीय ऑलिंपिक संघटना निलंबित असल्याने सोचीस त्यांना राष्ट्रध्वजावाचून, स्वतंत्र स्पर्धक म्हणून, उतरावे लागले. निलंबन उठले ते त्यांची स्पर्धा संपल्यानंतर दोन दिवसांनी.

भारतात कृत्रिम शीतकरणाचा एकही लूजमार्ग नाही. केशवन् घसरगाडीस चाके लावून हिमालयातील डांबरी रस्त्यांवर, ट्रक आणि मेंढ्यांचे कळप चुकवीत, सराव करीत. ह्या सरावाने उताणे पडून वेग सहन करण्याची सवय होते, शरीराचा तोल साधतो, धैर्यही येते; परंतु वर सांगितलेली मुख्य गोष्ट येत नाही. रबरी चाक रस्त्यास आडव्या दिशेने धरून ठेवते. पोलादी पाते बर्फावर तसे धरीत नाही, ते बाजूसही सरकते. आणि रस्त्यावरचे वळण सपाट असते, त्यास चढण्याजोगी भिंत नसते. म्हणजे ज्या एक-तृतीयांश ऊर्जेच्या अत्यल्प अंशासाठी सारी स्पर्धा आहे, तो अंश वाचविण्याची विद्या रस्त्यावर शिकताच येत नाही. जर्मनीत असे चार मार्ग बांधले गेले : क्योनिग्जे, ओबरहोफ, आल्टेनबर्ग व विंटरबर्ग. त्यांतील क्योनिग्जेच्या मार्गाची २०२१ च्या पुरात मोठी हानी झाली, तरी ह्या खेळातील जर्मनीचे वर्चस्व टिकूनच आहे.

महासंघाने वजनातील फरक शिशाने भरून काढला, पात्यांची उष्णता तपमापकाने बांधून टाकली, काळ सहस्रांशापर्यंत चिरला. खेळाडूच्या वाट्यास बर्फावर किती फेऱ्या आल्या हे मात्र कोणत्याही तपासणीत मोजले जात नाही, आणि स्थानांच्या यादीतील बराचसा क्रम तेथेच ठरून गेलेला असतो. व्हिसलर येथे २०१० पूर्वी परदेशी खेळाडूंना सरावाच्या फेऱ्या पुरेशा दिल्या नाहीत, अशी तक्रार झाली होती ती ह्याच कारणाने.

केशवन् यांनी जेथे आरंभ केला आणि जेथे आशियाई सुवर्णपदक मिळविले, तो नागानोचा मार्ग मूळ उतारात दोन चढ असलेला एक आगळा मार्ग होता. तो गोठविण्याचा खर्च न पेलल्याने २०१८ पासून तेथे बर्फ करणे थांबविण्यात आले. आशियात आता दक्षिण कोरियातील प्यॉंगचांग आणि बीजिंगजवळील यानचिंग येथील, अनुक्रमे २०१८ व २०२२ च्या ऑलिंपिकसाठी बांधलेले, हे दोन मार्ग आहेत.